पाय ओढणे म्हणजे लेग पुल करणे नव्हे

बाई, नमस्कार. माझं वय २६. दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि पुढे बी.ए.पर्यंत सगळं शिक्षण मराठी माध्यमातून झालं. दोन वर्षांपासून एमपीएससीच्या (लोकसेवा आयोगाच्या) संयुक्त परीक्षेचा अभ्यास करतेय, एएसओ (सहायक कक्ष अधिकारी) व्हायचंय. या वेळी पूर्व परीक्षा निघाली, मुख्य चार महिन्यांवर आली. पहिल्या पेपरातलं मराठी चांगलं जातं, इंग्रजी व्याकरणही बऱ्यापैकी जमतं, पण इडियम्स (इंग्रजी वाक्प्रचार) आले की हातपाय गळतात. अभ्यासिकेच्या ग्रुपवर १५०० इडियम्सची पीडीएफ आली होती. रोज पन्नास पाठ करते आणि आठवड्याने त्यातले दहाही आठवत नाहीत. परवाच्या सराव चाचणीत इडियम्सचे सहा प्रश्न होते: दोन बरोबर, तीन चूक, एक सोडला. मैत्रीण म्हणते, हा भाग ऑप्शनला टाक आणि तो वेळ जीएसला (सामान्य अध्ययनाला) दे. टाकू का? आणि एक शंका. ‘बार्किंग अप द राँग ट्री’ला मी ‘विनाकारण आरडाओरडा करणे’ हा पर्याय निवडला, तो चुकला. कुत्रं झाडाकडे बघून भुंकतंय, मग वेगळा अर्थ कसा काय? सोबत पीडीएफच्या दोन पानांचे आणि चुकलेल्या प्रश्नांचे फोटो पाठवते.
— एक परीक्षार्थी, अंबाजोगाई

प्रिय मुली,

ऑप्शनला टाकू नकोस. सहा प्रश्न म्हणजे बारा गुण. त्यातले तुला चार मिळाले आणि तीन चुकांचा दीड गुण गेला, हातात राहिले अडीच. अर्ध्या गुणाने यादीबाहेर राहिलेली मुलं तू तुझ्याच अभ्यासिकेत पाहिली असशील. शिवाय आयोगाचा अभ्यासक्रम काढून बघ. मराठीच्या ओळीत ‘म्हणी व वाक्प्रचार यांचा अर्थ आणि उपयोग’ असं आहे, आणि इंग्रजीच्या ओळीत नेमकं तेच इडियम्स अँड फ्रेजेसबद्दल आहे. पहिलं तुला येतं. दुसरं त्याच घरातलं आहे, फक्त मागच्या दाराने शिरावं लागेल.

ती पीडीएफ मात्र आजच पुसून टाक. मी दोन्ही पानं वाचली. पहिल्याच पानावर सातव्या ओळीत लिहिलंय: ‘पुल समवन्स लेग – पाय ओढणे’. हे वाचून मला हसू आलं आणि थोडं लाजल्यासारखंही झालं. कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे, तीही सर्वांसमोर.

नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. शाळेत तपासणीला एक अधिकारी आले, दुसऱ्या राज्यातले, त्यामुळे सगळं बोलणं इंग्रजीत. शिक्षकांच्या खोलीत तेव्हा माझं काही खरं नव्हतं. मी कुठलाही उपक्रम काढला की दोन जुने सहकारी तो हाणून पाडायचे. साहेबांनी विचारलं, काम करताना काही अडचण? मी अगदी गंभीरपणे म्हटलं, ‘सर, माय कलीग्ज आर ऑलवेज पुलिंग माय लेग.’ साहेब खळखळून हसले. म्हणाले, छान, स्टाफरूममध्ये खेळीमेळीचं वातावरण दिसतंय. आणि शेऱ्यात तसंच लिहून गेले. ‘पुल समवन्स लेग’ म्हणजे एखाद्याची थट्टा करणे, फिरकी घेणे. आपल्या मराठीत पाय ओढतात ते वर चढणाऱ्याला खाली खेचायला, खेकड्याच्या गोष्टीतल्यासारखे. इंग्रजाने पाय ओढला तर तो गंमत करतोय. ती तपासणी संपल्यावर त्या दोन सहकाऱ्यांनी वर्षभर माझी खरोखरच लेग पुल केली, ते वेगळं.

तुझी खरी अडचण पाठांतराची नाहीच. तू इंग्रजी इडियम पाहतेस, त्यातला पाय, हात, नाक दिसतं, आणि मनातल्या मनात मराठी पायावर, हातावर, नाकावर जाऊन बसतेस. कधी जागा बरोबर निघते, कधी भलतीच. प्रश्न काढणाऱ्याला हे पुरेपूर माहीत असतं. चार पर्यायांतला एक तो याच्यासाठीच राखून ठेवतो.

हात घे. ‘वॉश वन्स हँड्स ऑफ समथिंग’. मराठीत हात धुण्याचे दोन अर्थ लगेच डोक्यात येतात: हात धुवून मागे लागणे आणि वाहत्या गंगेत हात धुऊन घेणे. दोन्ही इथे चूक. बायबलमध्ये रोमन सुभेदार पिलात येशूच्या खटल्यात लोकांसमोर पाण्याने हात धुतो आणि म्हणतो, या माणसाच्या रक्ताची जबाबदारी माझ्यावर नाही. म्हणून अर्थ ‘जबाबदारी झटकणे’. आपण यालाच हात वर करणे किंवा हात झटकणे म्हणतो. हात दोन्हीकडे आहेत, फक्त त्यांनी पाणी वापरलं.

नाकावर तर एक अख्खा तास घेता येईल. मराठी नाक बहुतेक वेळा मानाचं असतं: नाक कापलं जातं, नाक वर असतं, नाक मुठीत धरून शरण जावं लागतं. इंग्रजीत अब्रू जाते तेव्हा नाक शाबूत राहतं, जातो तो चेहरा: ‘लूज फेस’. ‘पे थ्रू द नोज’ म्हणजे अव्वाच्या सव्वा पैसे मोजणे. इथे मानाचा काही संबंध नाही, संबंध खिशाशी. ‘फॉलो युअर नोज’ म्हणजे रस्त्याने सरळ पुढे जात राहणे, किंवा अंदाजाने वाट काढणे. आणि आपला नाकासमोर चालणारा माणूस? तो सरळमार्गी, पापभीरू, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला. पर्यायात ‘प्रामाणिकपणे वागणे’ दिसलं की आपला हात तिकडेच जातो. पण मग ‘टर्न अप वन्स नोज’ बघ. म्हणजे नाक मुरडणे, जसंच्या तसं. आणि ‘कट ऑफ युअर नोज टू स्पाइट युअर फेस’ हे वाचून तर कुणीही मराठी माणूस म्हणेल, अरे, हे आमचंच: आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणे. फक्त त्यांच्याकडे सूड आपल्याच चेहऱ्यावर उगवलेला असतो. दोन्हीकडे राग दुसऱ्याचा आणि नुकसान स्वतःचं.

म्हणून वहीत तीन भाग कर. जे जुळतात त्यांचा एक: सिंहाचा वाटा, नक्राश्रू, पांढरा हत्ती, मांजराच्या गळ्यात घंटा, कोल्ह्याला द्राक्षं आंबट. यातले काही इसापनीतीतून त्यांच्याकडेही गेले आणि आपल्याकडेही आले. हे तुला येतातच, त्यांच्यावर वेळ घालवू नकोस. दुसरा भाग, अर्थ जुळतो पण चित्र वेगळं. ‘बिट्वीन द डेव्हिल अँड द डीप सी’ म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. ‘आउट ऑफ द फ्राइंग पॅन इंटू द फायर’ म्हणजे आगीतून फुफाट्यात. ‘अ फेदर इन वन्स कॅप’ म्हणजे शिरपेचात मानाचा तुरा. ‘बर्न द मिडनाइट ऑइल’ म्हणजे रात्रीचा दिवस करणे. तू सध्या तेच करते आहेस. तिसरा भाग सर्वांत लहान आणि सर्वांत महत्त्वाचा: चित्र जुळतं पण अर्थ फसवतो. पाय ओढणे, हात धुणे, नाकासमोर चालणे. या भागाचं पान लाल शाईने लिही.

बाकीचे, म्हणजे ज्यांना मराठीत जोडीदारच नाही, त्यांच्यासाठी गोष्ट लागते. ‘मीट वन्स वॉटर्लू’ पाठ करायला घेतलंस तर सटकेल. पण नेपोलियन १८ जून १८१५ रोजी बेल्जियममधल्या वॉटर्लूला हरला आणि त्यातून पुन्हा उठलाच नाही, हे तुला इतिहासाच्या पेपरासाठी ठाऊक आहे. आता आठव, निवडणुकीच्या निकालानंतर आपले पेपर काय छापतात? अमुक पक्षाचं पानिपत झालं. १४ जानेवारी १७६१ आपल्या भाषेत जिथे बसली आहे, तिथेच त्यांच्या भाषेत वॉटर्लू बसलंय. ‘बर्न वन्स बोट्स’ही तसंच. शत्रूच्या किनाऱ्यावर उतरून आपल्याच होड्या जाळल्या की माघारीचा रस्ता उरत नाही. यासाठी आपल्याला समुद्र लागला नाही. १६७० च्या फेब्रुवारीतल्या त्या रात्री कोंढाण्यावर तानाजी पडल्यावर सूर्याजीने कड्याचे दोर कापले, ही गोष्ट आपण चौथीपासून ऐकत आलो, आणि ‘परतीचे दोर कापणे’ तिथूनच आपल्या तोंडी बसलं. ‘क्रॉस द रुबिकॉन’ याच्या शेजारचा: इ.स.पू. ४९ मध्ये ज्युलियस सीझर सैन्यासह रुबिकॉन नावाची छोटीशी नदी ओलांडून इटलीत शिरला. सैन्य घेऊन ती ओलांडायला सेनापतीला मनाई होती, म्हणजे आता युद्ध अटळ. अर्थ: मागे फिरता येणार नाही असा निर्णय घेणे.

तू एएसओ व्हायचं म्हणतेस ना, मग ‘रेड टेप’ तुझ्या रोजच्या कामातलाच. इंग्लंडमध्ये सरकारी आणि कोर्टाची कागदपत्रं तांबड्या फितीने बांधून ठेवायचे. फीत सुटायची नाही, कागद हलायचा नाही. आपली ‘लालफीत’ त्याचंच भाषांतर. त्या रोगावर महाराष्ट्राने २००५ मध्ये कायदाही केला, त्याला सगळे ‘दप्तर दिरंगाईचा कायदा’ म्हणतात. जीएसमध्ये तो वाचलाच असशील. आता लाल रंग पाहून ‘रेड-लेटर डे’ला घाबरू नकोस. चर्चच्या पंचांगात सणावाराचे दिवस लाल शाईने लिहीत, म्हणून तो संस्मरणीय, आनंदाचा दिवस. आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातही सुट्टीची तारीख लालच असते. पर्यायात ‘धोक्याचा दिवस’ असेल आणि निम्मी मुलं तिथे जातील.

‘टर्न ओव्हर अ न्यू लीफ’ इंग्रजी शाळेतल्या मुलांनाही चकवतो. त्यांना लीफ म्हणजे झाडाचं पान दिसतं. तुला हा सोपा जायला हवा, कारण मराठीत झाडाचंही पान आणि वहीचंही पानच. जुनं पान उलटून नवं सुरू करायचं, म्हणजे वागणं सुधारणे. ‘अ‍ॅट द एंड ऑफ वन्स टेदर’ तर तुझ्यासारख्या गावाकडच्या मुलीसाठीच आहे. टेदर म्हणजे दावं. खुंट्याला बांधलेलं जनावर दाव्याच्या शेवटच्या टोकापर्यंत चरत जातं, पुढे त्याला जाता येत नाही. सहनशक्ती संपणे, उपाय खुंटणे. ‘खुंटणे’ या शब्दातही खुंटा आहेच की, आता पाठ करायचं काय उरलं? ‘बीट अबाउट द बुश’ शिकारीतला. हाकारे झुडपांभोवती काठ्या आपटत फिरतात, पक्षी उठवतात, पण पक्ष्याला हात घालत नाहीत. मूळ मुद्द्यावर न येता इकडचं तिकडचं बोलत राहणे.

एक सावधगिरी इथेच सांगते. गोष्टी आठवणीसाठी चांगल्या, पण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या बऱ्याच गोष्टी कुणीतरी नंतर रचलेल्या असतात. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’चं मूळ सांगताना हमखास येतं की जुन्या इंग्लंडात कुत्री-मांजरं गवताच्या छपरावर झोपायची आणि पावसात घसरून खाली पडायची. याला काही आधार नाही. मुसळधार पाऊस एवढा अर्थ लक्षात ठेव, आणि मुसळ आकाशातून का पडतं हे तरी आपण कुठे विचारतो? परीक्षेत मूळ विचारत नाहीत. जी गोष्ट खोटी वाटते तिच्याजागी स्वतःची रचलीस तरी चालेल. ‘कॅरी कोल्स टू न्यूकॅसल’ शिकवताना मी मुलांना सांगायचे: रत्नागिरीला हापूसची पेटी भेट नेणारा पाहुणा आठवा. न्यूकॅसल हे शतकानुशतकं कोळसा बाहेर पाठवणारं बंदर होतं. तिथे कोळसा नेणं म्हणजे निरर्थक खटाटोप. ती मुलं आता चाळिशीत आहेत. त्यातला एक अजून आंब्याच्या दिवसांत मला न्यूकॅसलचा मेसेज पाठवतो.

आता फ्रेझल व्हर्ब्जकडे, म्हणजे क्रियापदाला छोटे शब्द जोडून झालेल्या प्रयोगांकडे. तुझ्या पत्रात त्यांचा उल्लेख नाही, पण चुकलेल्या तीन प्रश्नांत ‘पुट अप विथ’ होता, ते दिसलं. ‘पुट’ येतं, ‘अप’ येतं, ‘विथ’ येतं, आणि तिन्ही मिळून ‘सहन करणे’ कसं झालं, असं तुला वाटत असणार. उलटं करून बघ. एखाद्या इंग्रजाला तू ‘लागणे’ शिकव. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, दार लागतं, नाद लागतो, वेळ लागतो, सून माझी भाची लागते, आणि मुलं मागे लागतात. यादी देऊन तो शिकेल का? तू कशी शिकलीस? प्रत्येक ‘लागणे’ तुला त्याच्या शेजारच्या शब्दासकट भेटलं. म्हणून ‘पुट अप विथ’ एकटं लिहू नकोस. ‘आय कॅन्ट पुट अप विथ धिस नॉइज’ असं लिही, आणि तो आवाज तुझ्या अभ्यासिकेखालच्या डीजेचा असू दे. ‘पुट ऑफ’ला पुढे ढकललेली परीक्षा जोड, त्याचा अनुभव तुमच्या पिढीला वेगळा सांगायला नको. ‘पुट आउट’ला विझवलेली चूल.

आणि इडियमचे शब्द जसे आहेत तसेच राहतात, हे एकदा मनात पक्कं कर. आपण चहापाणी म्हणतो, पाणीचहा नाही. घरदार म्हणतो, दारघर नाही. ‘कॅट्स अँड डॉग्ज’ उलटत नाहीत, ‘बाय लीप्स अँड बाउंड्स’ एकवचनी होत नाही, ‘किक द बकेट’ म्हणजे मरणे, पण त्यातल्या ‘द’च्या जागी ‘अ’ आला की कुणी मरत नाही, फक्त बादलीला लाथ बसते. चूक शोधा प्रकारच्या प्रश्नांत नेमकं हेच हलवून ठेवतात. ‘टर्न अ डेफ इअर’पुढे ‘टू’ येतं, ‘वॉश वन्स हँड्स’पुढे ‘ऑफ’. शेवटचं अव्यय गाळून पाठ केलेला इडियम अर्धाच आला समज.

आता चार महिन्यांचं. १५०० नकोत, ३६० पुरे. रोज चार, नव्वद दिवस. शेवटच्या तीस दिवसांत नवीन एकही नाही. ते ३६० कुठून? आयोगाच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका असतात, मागच्या दहा वर्षांच्या काढ. प्रश्नातला इडियम तर लिहीच, पण एखाद्या शब्दाच्या अर्थासाठी चार इडियम पर्याय म्हणून दिले असतील तर चारही लिही. आज पर्यायात बसलेला उद्या प्रश्नात येतो. तेवढ्यात आकडा भरला नाही तर इंग्रजी पेपरच्या अग्रलेखाचं पान आणि खेळाचं पान. खेळाच्या पानावर इडियम पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखे उगवतात.

घरात जुन्या लग्नपत्रिका पडल्या असतील. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजू कापून चिठ्ठ्या कर, जाड असतात, टिकतात. एका बाजूला इडियम, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ नको, तुझं स्वतःचं इंग्रजी वाक्य. ‘माय ब्रदर पेज थ्रू द नोज फॉर अ रूम इन सदाशिव पेठ.’ ‘द फॅन इन अवर स्टडी रूम वर्क्स वन्स इन अ ब्लू मून.’ (ब्लू मून म्हणजे एकाच महिन्यातली दुसरी पौर्णिमा, निळा चंद्र नव्हे. आपला अधिक मास आठव, तोही असाच कधीमधी येतो. पण म्हणून ‘दुष्काळात तेरावा महिना’ हा त्याचा अर्थ लावू नकोस!) कोपऱ्यात अधिक किंवा उणे अशी खूण कर: कौतुकाचा की निंदेचा. ही खूण फार कामाला येते. ‘अ फेदर इन वन्स कॅप’ अधिक आहे, ‘शो द व्हाइट फेदर’ उणे, म्हणजे भित्रेपणा दाखवणे. कोंबड्यांच्या झुंजीत शेपटीत पांढरं पीस असलेला कोंबडा हलक्या जातीचा मानत, आणि १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाल्यावर इंग्लंडात सैन्यात न गेलेल्या तरुणांच्या हातात बायका पांढरी पिसं ठेवायच्या. ‘अ‍ॅपल ऑफ वन्स आय’ म्हणजे गळ्यातला ताईत, ‘अ‍ॅपल ऑफ डिस्कॉर्ड’ म्हणजे भांडणाचं मूळ. अशा जोड्या मात्र एकाच दिवशी शिकू नकोस. पीडीएफवाले ‘अ‍ॅपलचे पाच इडियम’ एका चौकटीत देतात, दिसतं छान, पण डोक्यात पाचांचं एक मिसळण होतं. पहिला पक्का झाला की पंधरा दिवसांनी दुसरा.

चिठ्ठ्यांसाठी बुटाचा खोका घे, मध्ये दोन पुठ्ठे उभे करून तीन कप्पे. नवीन चिठ्ठी पहिल्या कप्प्यात, तो रोज बघायचा. आली तर दुसऱ्यात, तो दर तिसऱ्या दिवशी. तिथेही आली तर तिसऱ्यात, तो फक्त रविवारी. चुकली की कुठूनही थेट पहिल्यात. १८८५ मध्ये हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने आपल्याच विस्मरणाचा अभ्यास छापला. अर्थ नसलेली अक्षरं तो पाठ करायचा आणि किती वेळाने किती विसरतो ते मोजायचा. सर्वांत जास्त विसर पहिल्या तासांत आणि पहिल्या दिवशी पडतो, नंतर वेग मंदावतो, असं त्याला दिसलं. तुझ्या रोजच्या पन्नास ओळी तुझ्या दृष्टीने अशीच निरर्थक अक्षरं होती, आणि तू त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा बघतही नव्हतीस कारण पुढच्या पन्नास वाट पाहत होत्या. आठवड्याने दहा उरल्या नाहीत यात तुझ्या बुद्धीचा काहीच दोष नाही.

(या पत्रात मी सगळे इडियम मुद्दाम देवनागरीत लिहिलेत. स्पेलिंग तू शब्दकोशातून काढ. तेवढाच हात फिरेल.)

परीक्षेच्या खोलीत प्रश्न सोडायचा की ठोकायचा, याचा हिशेब सोपा आहे. प्रश्नाला दोन गुण, चुकीला पाव हिस्सा म्हणजे अर्धा गुण वजा. चारांतले दोन पर्याय नक्की चूक आहेत असं कळलं, तर उरलेल्या दोनांतला एक निवडणं सरासरीने पाऊण गुणाच्या फायद्याचं. एकच पर्याय बाद करता आला तरी तृतीयांश गुणाचा फायदा. काहीच कळत नसेल तर फायदा नगण्य आणि मनस्ताप जास्त, तिथे सोड. बाद करायचं कसं? शब्दशः अर्थ सांगणारा पर्याय आधी संशयित धर. मग वाक्य दिलं असेल तर त्याचा सूर बघ, अधिक की उणे, आणि उलट्या सुराचे पर्याय काट.

यावरूनच तुझा शेवटचा प्रश्न. ‘बार्किंग अप द राँग ट्री’. अमेरिकेत रात्री कुत्रे घेऊन रकून नावाच्या प्राण्याच्या शिकारीला जात. रकून झाडावर चढून बसतो, कुत्रा बुंध्याशी उभा राहून वर बघून भुंकतो आणि शिकाऱ्याला कळतं की शिकार इथे आहे. पण अंधारात रकून फांद्यांवरून शेजारच्या झाडावर गेला असला, तर कुत्रा भलत्याच झाडाखाली भुंकत बसतो. तुझ्या उत्तरात भुंकणं आलं, झाड आलं, पण ‘राँग’ कुठे गेला? कुत्र्याचं भुंकणं विनाकारण नाही, कारण खरं आहे, मेहनतही खरी आहे, फक्त झाड चुकलंय. म्हणून अर्थ ‘चुकीच्या ठिकाणी शोध घेणे’ किंवा ‘चुकीच्या माणसावर संशय धरणे’. ‘विनाकारण आरडाओरडा’ हा त्यातला शब्दशः पर्याय होता, तुझ्यासारख्यांसाठीच ठेवलेला. आणि तिथे ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’च्या अर्थाचा पर्याय असता तर? तोही चूक. त्यात शिक्षा होऊन गेलेली असते. इथे कुत्रा अजून भुंकतोच आहे, त्याला दुसऱ्या झाडाकडे वळवता येतं.

पहिल्या आठवड्यात अठ्ठावीस चिठ्ठ्या होतील. त्यातली कुठलीही दहा वाक्यं मला पाठव, इंग्रजीत, स्पेलिंगसकट. आणि ‘पुल समवन्स लेग’चं वाक्य त्यात असलंच पाहिजे.

— तुझी बाई